पाचव्या टाकीचे पाणी

नाव वर नोंदवल्याप्रमाणे, वय ४९ वर्षे, शिक्षण गावच्या शाळेत सातवी, काम प्रयोगशाळेत मदतनीस, राहणार थोरल्या भावासोबत एकत्र. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या पाच टाक्या आहेत. प्रत्येकीत गाळ, पाणवनस्पती, गोगलगायी, बारीक मासे. एक लहानसे तळेच. चार टाक्यांत कारखान्याचे सांडपाणी कमीजास्त घालतात. पाचवीत काही घालत नाहीत, तिच्याशी बाकीच्या ताडून बघतात. नळाच्या पाण्यातल्या औषधाने हे जीव मरतात, म्हणून पाणी आमच्या घरच्या विहिरीचे. ते मी कॅनने नेतो. दादा म्हणायचा, "तुझ्या गोगलगायींचा थाट जावयासारखा. पाणीसुद्धा घरपोच!"

चार टाक्यांतले मासे सांडपाण्याने मरतात, ते धरलेलेच असते. पण गेल्या महिन्यात पाचवीतलेही मासे मरून तरंगले. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "मामा, टाकी साबणाने धुतलीत का?" मी नाही म्हणालो. टाकी रिकामी करून त्याच विहिरीच्या पाण्याने भरली. पुन्हा मेले. पुन्हा भरली. पाण्याची शंका बाईंना आली नाही, मलाही नाही.

त्याच दिवसांत दादाच्या मुलीला, वय सहा, उलट्या सुरू झाल्या. आम्हा मोठ्यांना नुसती मळमळ होती. डॉक्टरांनी भरपूर पाणी पाजायला सांगितले. दादा उशाशी बसून पाजत होता. ती गेली.

तिसऱ्यांदा मासे मेल्यावर बाईंनी विहिरीचे पाणी तपासले. त्यात विष निघाले. कुठून झिरपले ते ठरायचे आहे. काल मी दादाला सांगितले. तो म्हणाला, "खुळा का तू? आजोबांपासून पितोय आपण. कुणाला काय झालं?"

आज सकाळी तो प्रयोगशाळेत आला. "कुठली ती?" मी पाचवी दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "नको नको म्हणत होती रे. मी नाक दाबून पाजलं." मग स्टूल उचलून टाकी फोडली. त्याचा हात चिरला. मी आडवा गेलो नाही.

शेजारी अजून तेच पाणी भरतात. सांगायला गेलो तर म्हणतात, देवाच्या मनात असेल ते होईल. देवावर माझाही भरवसा आहे. तरी विहिरीवर आजच शिपाई बसवावा.

लिहिलेले मला वाचून दाखवले. "नाक दाबून" हे शब्द गाळता येतील का, असे मी विचारले. येत नाहीत, असे कळले. बाकी मजकूर बरोबर आहे. तेही बरोबर आहे.