हिरवी टोपी

झोनेबर्गहून निघालेल्या बसमध्ये ओटमार म्हाताऱ्याच्या पुढच्या बाकावर दोघी मैत्रिणी बसल्या होत्या. गेर्लिंडेच्या मांडीवर चिनीमातीच्या चेहऱ्याची जुनी बाहुली होती. हिरवी टोपी घातलेली रोझविटा खिडकीबाहेर बघत होती. ओटमारला ऐकायचं नव्हतं, पण कान थोडेच मिटता येतात!

“वीस वर्षं शोधत होते गं हिला.”

“केस नवे बसवलेत.”

“असू देत.”

“केसांचा टोप उचलून आत दिवा धरलास का? डाव्या कानामागे चीर असणार.”

“आहे. अगदी बारीक.”

“तरी घेतलीस? माझ्या कपाटात तडकलेली एकसुद्धा नाही.”

“तुझ्या कपाटाची गोष्टच वेगळी, बाई! पण टोप न उचलता तुला चीर कशी कळली?”

“असल्या बाहुल्यांना असतेच.”

“दुकानवालीही तेच सांगत होती. कुणी एक बाई म्हणे दर शनिवारी येते, हिला तासभर मांडीवर घेऊन बसते, चीर दाखवते नि भाव पाड म्हणते. दुकानवाली वैतागली होती. मला म्हणाली, ‘तुम्ही खोड काढली नाहीत, तुम्हीच न्या.’”

“कोण बाई?”

“नाव नाही विचारलं. हिरवी टोपी असते म्हणे.”

रोझविटाने टोपी काढून पिशवीत कोंबली.

“घाल गं ती, थंडी आहे. आणि हिला घे जरा. आज शनिवारच आहे.”

“तुझी तुलाच लखलाभ,” म्हणत रोझविटाने बाहुली घेतली, आणि आधी तिचा डावा कान केसांनी झाकला.