पट्टीखालचा सांधा

अहो, थट्टा नाही, केळं ही खरीखुरी बेरी आहे — आणि स्ट्रॉबेरी? ती नाही! नावात बेरी असून शास्त्रात बसत नाही बिचारी. हसताय ना? सगळेच हसतात. आणि सफरचंद पाण्यात टाकून बघा, तरंगतं — पाव भाग तर नुसती हवा असते त्यात. हे सगळं माझ्या दादाचं हं, माझं नाही — थोरला भाऊ माझा, ही रोपवाटिका आम्हा दोघांची — तो मागच्या शेडमध्ये कलमं बांधतो, मी इथे पुढे गिऱ्हाईक बघते, अकरा वर्षं झाली. कुणी फाटकातून आत आलं की दादा असं काहीतरी सांगणार, माणूस खूश, एकाच्या जागी तीन रोपं नेणार. मी पुस्तकं काढून ताडूनसुद्धा बघितलं एकदा — एक गोष्ट खोटी निघेल तर शपथ! मग तुम्हीच सांगा, ज्याच्या जिभेवर एवढं खरं, त्याच्या हातावर कोण संशय घेणार?

सफरचंदच हवंय ना? मग आणखी एक गंमत ऐका — गंमत कसली म्हणा — गोड सफरचंदाची बी लावली तर झाड येतं, पण फळ आईसारखं येत नाही. आंबट, तुरट, बोराएवढं, काय वाट्टेल ते येतं. म्हणून कलम करायचं. खाली कसलाही दणकट खुंट, म्हणजे मुळाकडचं रोप, त्यावर गोड झाडाची काडी खोचायची, वर पट्टी. काडीनं जीव धरला की पट्टी सोडायची — सांध्यावर गाठ असते, हाताला लागते. आमच्याकडे मात्र पट्टी तशीच. दादा म्हणायचा, गिऱ्हाइकाला बजाव, दोन वर्षं सोडू नका, सांधा निखळेल. आणि मी बजावायची, पोपटासारखी!

कुणासाठी घेताय? नातीसाठी? ...हं. माझी मुलगी झाली तेव्हा दादानं असंच एक कलम आणलं, स्वतः खड्डा खणून दारात लावलं. चालायला लागल्यापासून पाणी घातलं पोरीनं. यंदा, आठव्या वर्षी, फळ धरलं — पहिलं तिनं मामाला दिलं. त्यानं सगळं खाल्लं, तोंड जरासुद्धा वाकडं न करता, आणि म्हणाला, साखर आहे गं, साखर! मग दुसरं तिनं चावलं — आणि थुंकलं. मला विचारते, आई, मी पाणी कमी घातलं का?

बुंध्यावरून हात फिरवला मी. गुळगुळीत. गाठ नाही, काही नाही. परक्याला टोपी घातली असती तर — नाही, तेही वाईटच — पण भाची हो! सख्ख्या बहिणीची पोर! केसानं गळा कापला माझा. दुसऱ्या दिवशी तो जेवायला गेल्यावर इथल्या पट्ट्या सोडून बघितल्या — ही रांग, तुमच्या पायापाशी आहे तीच — चाळिसातली एकतीस नुसती बियांची रोपं, वर पट्टी गुंडाळलेली. आणि मी काय केलं? परत बांधल्या. होत्या तशा. महिना झाला, विकतेय. असं बघू नका माझ्याकडे! विचारणार काय त्याला? नाही म्हणाला तर खोटं, हो म्हणाला तर त्याहून वाईट — दोन्हीत दादा जातो माझा. विचारलं नाही तोवर भाऊ आहे मला, एवढंच.

अहो, ते कशाला उचललंत? दुसरं? दुसरं पण नको. ठेवा म्हणते ना खाली! मी सांगितलं तरी घेऊन जाणार तुम्ही? मग नातीला काय सांगाल — पाणी कमी घातलंस?

शेडचं दार वाजलं. आला. दादा — अरे दादा, इकडे ये जरा. नाही, गिऱ्हाइकाचं नाही, माझंच काम आहे तुझ्याशी. — तुम्ही निघा हो. नाही, आज काही विकायचं नाही. निघा, आणि जाताना फाटक लावून घ्या.