खापर्डे सरांना मराठी येत नाही

— नाही नाही, बसा ना ताई, ती खुर्ची घ्या, लहान पोरांची आहे पण मोडत नाही, मीसुद्धा तिच्यावरच बसतो. मराठीच्या क्लासला अजून वीस मिनिटं आहेत. लायब्ररीवाले बेसमेंटची ही रूम फुकट देतात, फक्त खुर्च्या आपणच मांडायच्या आणि आपणच उचलायच्या. तर तुम्ही मुलीच्या चाळीस तासांचं म्हणत होतात — हो, हायस्कूल पास व्हायचं तर व्हॉलंटियरिंगचे चाळीस तास लागतातच इथे, आणि मला हेल्पर हवीच आहे. ती पाटी बघताय? 'दाराच्या आत फक्त मराठी.' मीच लावलीय. काय आहे, आपण मराठीत विचारायचं आणि ही कार्टी इंग्रजीत उत्तर देणार! मग मी सरळ म्हणतो, मला इंग्रजी समजत नाही बाबा, मराठीत सांग. अहो हसताय काय, खरंच म्हणतो. चेहरा एकदम कोरा ठेवायचा. बरोब्बर बोलायला लागतात मग. ट्रिक आहे ती माझी.

द्या तो फॉर्म. नागपूरच्या ना? बोलण्यावरूनच कळलं. मीही तिथलाच, महालातला. आलात कधी — मागच्या ऑगस्टमध्ये? म्हणजे हा पहिलाच विंटर. हॅमिल्टन बरंय हो, टोरांटोपेक्षा भाडी जरा कमी, आणि — नाव गौरांगी. गौरांगी... शाळा कुठली म्हणालात? नाही, लिहिलंय इथे. वाचलं. अकरावी. काही नाही, चष्मा पुसतोय. बरोबर नाही आणलीत तिला? गाडीत बसलीय का. असू द्या. असू द्या गाडीतच, हीटर लावून बसली असेल, उगाच कशाला थंडीत.

मी? मी कन्सल्टिंग करतो. चित्राताईंनी सांगितलं ना तुम्हाला? त्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी, त्यांना सगळ्यांची माहिती असते. मॅनेजर होतो, हो, अठरा वर्षं, गाड्यांच्या पार्ट्सची कंपनी, बारा माणसं हाताखाली. होतो. म्हणजे — दोन वर्षं झाली ताई, आमची अख्खी टीम काढली एका शुक्रवारी. कन्सल्टिंग वगैरे काही नाही. उल्का, माझी बायको, हळदीकुंकवाला गेली की सांगते, हे टूरवर असतात. कसली टूर! मी कॉलेजात असतो. एकोणपन्नासाव्या वर्षी पाठीवर सॅक अडकवून. इथे एक रस्ता आहे — आपण इंडस्ट्रीत हातानं काम केलेलं असलं, तेवढ्या वर्षांची पत्रं आणून दाखवली, की शिक्षक होण्याचा कोर्स करता येतो, टेक्निकल विषय शिकवायला. बुटीबोरीच्या कारखान्यातल्या जुन्या साहेबाकडून पत्र मागवलं मी. त्यानं लिहिलं, 'उत्तम कामगार.' मी तेव्हा इंजिनिअर होतो हो, पण लेथ मशीनवर उभं राहिल्याचे तासच धरतात ना इथे, म्हणून मीच म्हणालो होतो, असंच लिहा. ते पत्र उल्कालासुद्धा दाखवलं नाही मी.

बरं, हे मी तुम्हाला का सांगतोय — तुम्ही आलात फॉर्मवर सही घ्यायला. नाही, थांबा, उठू नका. तुमच्या मुलीच्या शाळेत होतो मी. नोव्हेंबरमध्ये, पाच आठवडे, प्रॅक्टिकमला. म्हणजे वर्ग दुसऱ्याचा, मिस्टर मॅकलीन म्हणून आहेत, आणि आपण त्यांच्यासमोर शिकवायचं. विषय मशीन शॉप, आपल्याकडच्या वर्कशॉपसारखा. तिथे मला मिस्टर के म्हणतात, खापर्डे कोणाला म्हणता येतंय! पण गळ्यातल्या कार्डावर अख्खं नाव असतं. तिनं वाचलं असणार.

मशीनला हात लावायच्या आधी सेफ्टीची परीक्षा असते, शंभरपैकी शंभर पाहिजेत, एक चुकलं तरी नाही. ती दोनदा नापास झाली होती. एकाच प्रश्नावर — लेथवर हातमोजे घालायचे का? मॅकलीननी इंग्रजीत सांगूनही ती लिहायची, घालायचे. कोणीही तेच लिहील हो! हात जपायचा तर मोजे नकोत का? तर ती माझ्याजवळ आली, हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, 'सर, तुम्ही मराठी ना? मला हे एकच समजत नाहीये, मराठीत सांगता का?' दोन वाक्यांचं काम होतं, ताई. फिरणाऱ्या मशीनमध्ये मोजा अडकतो आणि मोज्याबरोबर हात आत जातो. बुटीबोरीला माझ्या डोळ्यांसमोर दीनानाथची दोन बोटं गेलेली आहेत. माझ्याएवढं हे कोण सांगणार होतं तिला?

आणि मी म्हणालो, सॉरी, आय डोन्ट स्पीक दॅट. तेवढ्यावर थांबलो असतो तर — नाही, मी पुढे म्हणालो, माझे आजीआजोबा बोलायचे, मी इथलाच. चेहरा कोरा ठेवून. इथलाच! हा माझा उच्चार, आणि मी इथलाच! मागचं एक पोरगं हसलंसुद्धा. तिनं मात्र मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली.

मागे कॉलेजच्या मॅडम बसल्या होत्या ना, लॅपटॉप घेऊन, मला मार्क द्यायला. आधीच्या वेळी त्यांनी लिहिलं होतं की माझं बोलणं मुलांना कळायला जड जातं. पुन्हा तसंच लिहिलं असतं तर कोर्समधून बाहेर. त्यांच्यासमोर मराठीत बोललो असतो तर — नाही. ताई, हे मी स्वतःला तीन महिने सांगतोय, पण तसं नाहीये. मॅडमना काय फरक पडणार होता? उलट कौतुकच केलं असतं त्यांनी, इकडे त्यांना आवडतं, मुलांच्या भाषेत बोललेलं. मला भीती तुमची होती. म्हणजे तुम्हाला मी ओळखत नव्हतो, पण नवं मराठी घर आलं की आज ना उद्या मंडळात येणारच. पोरगी घरी सांगणार, आई, खापर्डे सर आहेत आमच्या शाळेत, शिकाऊ. तुम्ही चित्राताईंना विचारणार. आणि मग गणपतीत मला कोणी विचारलं असतं, काय खापर्डे, कन्सल्टिंग कसं चाललंय? तेवढ्यासाठी. माझी लाज वाटते मला, फार वाटते. तिसऱ्यांदा नापास झाली तेव्हा मी तिथेच उभा होतो, पेपर मीच तपासला. मला कोर्समध्ये ए ग्रेड मिळाली.

आता तिनं तो विषय सोडलाय? कुकिंग घेतलंय. तिला इंजिनिअर व्हायचं होतं? हं. हो, तुम्ही म्हणताय तर असेलच.

तिनं सांगितलं होतं तुम्हाला? माझं? काय म्हणाली — नाही, सांगा. 'आपल्यासारखेच दिसतात, पण बिचाऱ्यांना मराठी येत नाही, घरी कोणी शिकवलंच नसेल.' बिचाऱ्यांना म्हणाली? आणि? 'मी उगाच वर्गात विचारलं, त्यांना वाईट वाटलं असेल.' ...तिला वाईट वाटलं होतं. माझ्यासाठी.

ताई, मी काय करतो, मी हे चाळीसच्या चाळीस तास आत्ताच भरून सही करतो. तिनं यायला नको, खुर्च्या उचलायला नकोत, काही नको. कोणी विचारत नाही हो, शाळा सहीच बघते फक्त, हे बघा, सप्टेंबरपासून तारखा घालतो आणि — का? फॉर्म का काढून घेताय? अहो, मी मदतच — बरं. बरं, ठेवा पर्समध्ये. बरोबर आहे तुमचं. हे काय बोललो मी.

फोन कोणाला करताय? तिला नका बोलावू. पुढच्या रविवारी बोलावा, मी जरा तयारी करून, नीट — मी एकदा शाळेत जाऊन मॅकलीनना सांगतो, परीक्षा पुन्हा देता येते, मी स्वतः शिकवीन तिला, रोज शिकवीन, फक्त आज नको. पोरं येतील आता. ताई, प्लीज.

जिन्यात कोण आहे? आलीच ती.

हाय. हाय, गौरांगी. हो, मीच. नाही, तू... ताई, ही इंग्रजीत बोलतेय माझ्याशी. किती सावकाश बोलतेय बघा, एकेक शब्द जुळवून. काय म्हणतेय — माझ्या आईला इंग्रजी कमी येतं, तुम्हाला मराठी येत नाही, मी मध्ये सांगते दोघांना. नाही गं. बाळा, नाही. इंग्रजीत नको बोलूस माझ्याशी. ऐक, मला —