जड माणूस मधात

...नाई, मी म्हनते, बोट सरकारची, चालते बॅटरीवर, बसतात शंभर माणसं, पुढं काचंच्या खोलीत टोपीवाला सायेब चालवाले बसेल, मंग तिचा तोल सांभाळाचा ठेका आमच्या बुढ्याले कोनं देल्ला व्हता? सांगा ना! कोनं देल्ला व्हता?

तुमाले सांगते, ते कोची गाव म्हंजे निरा पान्यातच हाय. आपल्या इकडं जशी येष्टी, तशी तठी बोट. मानसं हपिसात चालले बोटीत, पोरी कालेजात चालल्या बोटीत, एक बाई त मांडीवर पिशवी घेऊन शेंगा सोलून राह्यली व्हती, कोनाले काई नवल नाई! नवल फकस्त आमच्या बुढ्याले.

आमचा बुढा म्हंजे माहा नवरा, डोमाजी. पैनगंगेच्या काठावर आमचं गाव, झरी जामणीकडं. चाळीस वर्षं यानं डोंगा चालवला, या काठचे लोकं त्या काठी तेलंगनात, बाजाराले. हातात बांबू, डोंग्यात बारा माणसं अन् दोन बकऱ्या. कोनीबी आत पाय ठेवला का याचं सुरू, "जड माणूस मधात, हलका कडंले! उभं राहाचं नाई!" पाटील असो का मास्तर असो, याले फरक नाई. एकदा त नवरीले नवरदेवाजवळून उठवून पार दुसऱ्या टोकाले बसवलं, वरात रुसून बसली ना बापा! पन चाळीस वर्षांत डोंगा एकदाबी उलटला नाई, हे बी खरं हाय, खोटं कायले बोलू.

मंग पूल झाला. लोकं फटफटीवर भुर्रकन जाऊ लागले अन् डोंगा पडला काठावर पालथा. बुढाबी तसाच. खाटेवर पडून राहाचा, बोलाचा नाई, जेव म्हनलं त जेवाचा. अन् त्याच साली आमची दीपा, एकुलती एक पोरगी, वणीले आयटीआय केलेली, म्हनते कशी, "बाबा, मले कोचीले बोटीवर काम भेटून राह्यलं."

झालं! बुढा ताडकन उठला. "पोरीनं बोटीले हात लावाचा नाई! माह्या बापानं नाई लावू देल्ला बहिनीले, मी नाई लावू देनार तुले!" पोरगीबी याचीच. पिशवी भरली अन् गेली. तवापासून तीन वर्षं... तीन वर्षं बापा, यानं तिचं नाव नाई घेतलं. तिचा फोन आला का हा आंगनात. ती तिकडून "जय भीम बाबा" म्हने, त्याचंबी उत्तर नाई. असं कोनी करते का? दुश्मनाच्या जय भीमचंबी उत्तर देते माणूस!

या उन्हाळ्यात दीपानं तिकिटं पाठवले. म्या म्हनलं, चला. हा म्हने, "तुले गाडी बदलता येत नाई म्हनून सोडाले येतो. तिच्याशी बोलनार नाई." मी म्हनलं, नोका बोलू, चला त खरं. बल्लारशावरून दीड दिवस गाडीत, अन् हा खिडकीतून निस्ता नद्या मोजून राह्यला.

तठी गेल्यावर पोरीनं मले कोपऱ्यात घेतलं. "आई, उद्या आमचे मोठे सायेब बोटीवर येनार हायेत. मले पक्कं कराचं का घरी पाठवाचं, ते उद्याच ठरनार. तू बाबाले घेऊन ये, माहं काम पाहा, पन चूपचाप बसजा. बाबाले काई बोलू देजो नोको." म्या म्हनलं, अवो तो तीन वर्षांपासून चूपच हाय, उद्या काय बोलनार! माही जीभ झडो.

सकाळी गेलो. बोट अशी, का पायरी उतराले नाई, घरातून ओसरीत गेल्यासारखं आत जाचं. दीपा निळ्या कपड्यात दोराजवळ उभी, केसं घट्ट बांधेल. माहं काळीज असं भरून आलं! बुढ्यानं तिच्याकडं पाह्यलं नाई. खाली पाह्यलं, छताकडं पाह्यलं, मले म्हने, "इंजिन कुठी हाय?" म्या म्हनलं, बॅटरी हाय, बसा गपचिप.

बसला. पाचच मिनिटं बसला. कारन काय झालं, एका कडंनं खिडकीतून ऊन आलं, अन् सारे लोकं उठून सावलीच्या कडंले जाऊन बसले. सारे! इकडं बाक रिकामे, तिकडं गर्दी. त्या बोटीले काय व्हते हो, ते एवढं मोठं धूड, माशी बसल्यावानी! पन बुढ्याचे डोळे पाह्यले अन् मी समजली. याचा हात धरला म्या, कसून धरला. सोडवला ना यानं!

"ओ भाऊ! जड माणूस मधात! हलका कडंले!"

माय माय माय! असा आवाज, का नदीच्या त्या काठी ऐकू जाव. भाषा कोनाले समजून नाई राह्यली. हातानं दाखवून राह्यला, तू इकडं, तू तिकडं, ओ छत्रीवाले, तुमी सरका. अन् मजा काय, लोकं सरकून राह्यले! काहून? त याच्या गळ्यात निळा दुपट्टा, बोटीवाल्याइचे कपडेबी निळे. त्याइले वाटलं, हा त बोटीचाच मोठा माणूस! शेंगावाली बाई शेंगा घेऊन उठली. दोन पोरी हसत हसत उन्हात जाऊन बसल्या. मी पदर तोंडावर घेतला.

अन् मंग याची नजर गेली एका सायबावर. पांढरा शर्ट, गळ्यात कार्ड, पोट हे एवढं. बुढ्यानं सरळ त्याचा दंड धरला, "तुमी त सगळ्याइत जड हाय सायेब, या, मधात बसा!" अन् बसवला! खांद्यावर हात ठेवून खाली दाबून बसवला!

तोच तो मोठा सायेब.

दीपा दोर सोडून धावत आली. तिचं तोंड असं पांढरं पडलं, मले वाटलं, सरलं आता. तीन वर्षं पोरीनं तठी अनोळखी लोकाइत काढले, अन् बापानं पाच मिनिटात मातीत घातलं. सायबानं तिले इचारलं, "ये कौन है?"

आता पाहा, ती म्हनू शकली असती, मालूम नाई. मी म्हनलं असतं. तिनं एकदा बापाकडं पाह्यलं. बुढ्याचा हात अजून सायबाच्या खांद्यावरच व्हता. अन् पोरगी म्हने, "मेरे बाबा हैं, सर. चालीस साल नाव चलाई. मुझे इन्होंने ही सिखाया."

बुढ्याचा हात गळून पडला. दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसाले लागला... तुमाले सांगते, लग्नापासून म्या या माणसाले रडतानी नाई पाह्यलं, याची माय गेली तवाबी नाई.

सायेब हसला ना! मोठ्यानं हसला, अन् तठीच मधात बसून राह्यला, पुढचं ठेसन येवस्तोर. बोट लागली. दीपानं दोर फेकला, खुंट्याले दोन वेढे, एक गाठ, खाडकन. बुढा जवळ गेला. वाकून गाठ पाह्यली, ओढून पाह्यली. अन् तीन वर्षांत पह्यल्यांदा पोरीशी बोलला.

"गाठ बरोबर हाय."

"हो बाबा," ती म्हने. बस, एवढंच. पन दोघं तठीच उभे, लोकाइले उतराले रस्ता नाई!

पोरगी झाली पक्की. आठ दिवसानं कागद आला.

आता माहं दुखनं ऐका. गावात आल्यापासून बुढा खाटेवर नाई, चौकात असते. मुकुटबनच्या बाजारात असते. दिसंल त्याले धरते, "माही दीपा कोचीले बोटीवर हाय! कोनं शिकवलं? म्या शिकवलं! ते गाठ माही हाय!"

याची गाठ! अवो, हा दुपारी जेवून चिंचंखाली घोरत पडे ना, तवा त्या पोरीले डोंग्यात बसवून बांबू हातात देल्ला कोनं? म्या! मले पोहता येत नाई, कमरेइतक्या पान्यात उभी राहून डोंगा धरून ठेवला कोनं? म्या! अन् ते गाठ त माह्या माहेरची हाय, बकऱ्या बांधाची!

सांगू का त्याले? दहा वेळा तोंडापर्यंत आलं. पन तीन वर्षं ज्याच्या तोंडातून पोरीचं नाव निघत नव्हतं, तो आता घास कमी खाते अन् तिचं नाव जास्त घेते. काल आंगनातून इचारे, "तुळसे, सांग ना पाव्हण्याले, दीपाले कोनं शिकवलं?"

काय करता... भांडे घासते अन् म्हनते, "तुमीच जी, तुमीच."