उजव्या ग्लोव्हमधल्या दोन पट्ट्या

नाव : ठाण्याच्या रजिस्टरात दिल्याप्रमाणे, संघात ‘बारा नंबर’ म्हणून ओळख. वय : ३२ वर्षे. व्यवसाय : महिला फुटबॉल संघात राखीव गोलकीपर. राहणार : स्टेडियममागच्या गल्लीतील चारमजली इमारत, तिसरा मजला, आईसोबत.

मी आज रोजी सकाळी सव्वादहा वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून सांगते की, मी सदर क्लबकडून गेली अकरा वर्षे खेळते. खेळते असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहावे. पहिली पाच वर्षे मी खेळले. नंतरची सहा वर्षे बाकावर बसले. या सहा वर्षांत मला नऊ सामने मिळाले, त्यांतले चार मैत्रीपूर्ण होते.

जिच्या बोटाला दुखापत झाली ती आमची एक नंबरची गोलकीपर, वय २९. माझ्याहून तीन वर्षांनी लहान असूनही सगळा संघ, अगदी पस्तिशीची कर्णधारसुद्धा, तिला ताई म्हणते. मी म्हणत नाही. ती आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे आली तेव्हा तिला उंच आलेला चेंडू मुठीने लांब मारता येत नव्हता. ते मी शिकवले. ग्लोव्हज सामन्यापूर्वी किती ओले करायचे, धुतल्यावर सावलीतच का वाळवायचे, हेही मीच शिकवले. सहा वर्षांपूर्वी माझा घोटा मुरगळला आणि डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. चौथ्या आठवड्यात मी परत आले, तोवर गोलमध्ये ती रुळली होती. पुढे खेळणाऱ्या मुलींचे बरे असते, एक थकली की दुसरी आत जाते. गोलकीपर एकच असते आणि ती थकत नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. मी सहा वर्षे म्यानाबाहेर गंजत पडले होते.

माझी आई सगळे सामने टीव्हीवर बघते. एक नंबरने चेंडू अडवला की आई मलाच सांगते, “काय झेपावते गं ही पोरगी.” वर्तमानपत्रातले फोटो आई कापून ठेवते. फोटोत ती असते आणि मागे बाकावर कुठेतरी माझा गुडघा असतो. आई विचारते, “हा तुझाच ना?” मी हो म्हणते. दोनदा तो माझा नव्हता तरी हो म्हटले आहे. याचा तपासाशी संबंध नाही असे साहेबांनी मला सांगितले. माझ्या मते आहे, म्हणून लिहून घेण्याची विनंती केली.

संघाचे कपडे धुलाईच्या खोलीतल्या मावशी धुतात. गोलकीपरचे ग्लोव्हज मात्र आमच्यात दुसरी गोलकीपरच धुते, तिसऱ्या कोणाचा हात लागू देत नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मॅनेजरना तो माहीत नाही, त्यांना चेंडू गोल असतो एवढे माहीत आहे. ग्लोव्हच्या प्रत्येक बोटात पाठीमागच्या बाजूने प्लॅस्टिकची एक पट्टी सरकवलेली असते. जोराचा चेंडू लागला तर बोट उलटे वळू नये म्हणून ती असते. धुताना पट्ट्या काढायच्या आणि वाळल्यावर परत घालायच्या. तिचे ग्लोव्हज सहा वर्षे मी धुते. माझे धुवायची वेळ तिच्यावर क्वचितच आली, कारण ते मळतच नव्हते.

दिनांक १२ रोजी शुक्रवारी दुपारी क्लबमध्ये कॅमेरा घेऊन चार माणसे आली होती. दुसऱ्या दिवशी तिचा शंभरावा सामना होता आणि तिच्या कारकिर्दीवर ते फिल्म करत होते. त्यांतला एक जण माझ्याकडे येऊन म्हणाला, “तुम्ही त्यांच्या राखीव ना? ताईंबद्दल दोन शब्द बोला की.” मी म्हणाले, “चांगली आहे.” त्याने मोजून दोन शब्द मागितले होते, मोजून दोन दिले. पलीकडे ती कॅमेऱ्यासमोर सांगत होती, “मला सगळं हिने शिकवलं, तिला इकडे बोलवा ना.” त्यांनी मला बोलावले नाही. बोलावले असते तरी मी गेले नसते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास मी धुलाईच्या खोलीत होते. मावशी घरी गेल्या होत्या. तिचे वाळलेले ग्लोव्हज घेऊन मी डाव्यात पाच पट्ट्या घातल्या आणि उजव्यात तीन. करंगळीची आणि तिच्या शेजारच्या बोटाची, अशा दोन पट्ट्या मी साबणाच्या रिकाम्या पुड्यात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मनात काय होते असे साहेबांनी विचारले. तिचे बोट मुरगळावे, तिचे तीन आठवडे जावेत आणि चौथ्या आठवड्यात तिने परत येऊन बघावे, एवढे मनात होते. मोडेल इथवर विचार केला नव्हता. पण मोडेल असे कोणी सांगितले असते तर मी पट्ट्या परत घातल्या असत्या, अशी खात्री मी देत नाही.

शनिवारी सामन्याआधी तिला सराव द्यायला मी नेहमीप्रमाणे चेंडू मारत होते. तिने उजवा ग्लोव्ह चढवला, मूठ दोनदा उघडली, मिटली आणि माझ्याकडे पाहिले. पट्टी नसेल तर बोट मोकळे लागते, ते कोणत्याही गोलकीपरला घालताच कळते. झाले, पकडले गेले असे मला वाटले. ती तशीच गोलमध्ये जाऊन उभी राहिली. अडतिसाव्या मिनिटाला जवळून जोराचा फटका आला. तिने तो उजव्या हाताने बाहेर काढला. पंचांनी खेळ थांबवण्याआधीच माझ्या अंगातले जॅकेट निघाले होते, हेही नोंदवावे. उरलेली बावन्न मिनिटे मी खेळले. गोल झाला नाही. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सामना होता. घरी आई तिच्या बोटासाठी रडत होती आणि मी पोटभर जेवले.

सोमवारी झाडणाऱ्या बाईला डब्यात पट्ट्या सापडल्या. मॅनेजरनी मावशींविरुद्ध तक्रार दिली. मावशी चौदा वर्षे क्लबचे कपडे धुतात. त्या एवढेच म्हणाल्या, “ग्लोव्हज मी धूत नाही.” कोण धुते ते त्यांना माहीत होते, तरी त्यांनी माझे नाव घेतले नाही. मॅनेजरनी मला विचारले तेव्हा मी “कल्पना नाही” असे खोटे सांगितले. मावशींना त्या दिवशी गेटवरून परत पाठवले आणि मंगळवारी याच ठाण्यात तीन तास बसवले. मी तेव्हा मैदानावर सराव करत होते. आमचे प्रशिक्षक सर म्हणाले की मी पाच वर्षांनी तरुण झाले आहे.

गुरुवारी दुपारी चार वाजता मी इस्पितळात तिला भेटले. बोट दोन ठिकाणी मोडले आहे. डॉक्टरांच्या मते ते पूर्ण मिटणार नाही, या हंगामात नाही आणि बहुधा पुढेही नाही. तिला ते सांगितलेले आहे. मी विचारले, “तुला घालतानाच कळलं असेल ना?”

ती म्हणाली, “कळलं की. पण मागे एकदा तडकलेली पट्टी तू अशीच काढून टाकली होतीस, आठवतं? मला सांगितलंही नव्हतंस. म्हटलं, हिने काढल्यात म्हणजे तडकल्या असणार. तुझ्या हातचं मी कधी तपासत नाही.”

ती पुढे म्हणाली, “मावशींना उगाच गोवलंय. आणि तुझं नाव आलं तर रविवारच्या अंतिम सामन्याला तुला बाहेर बसवतील. मी सांगून टाकलंय, पट्ट्या मीच काढल्या, बोटाला टोचत होत्या म्हणून. आता कोणी विचारणार नाही. रविवारी तू उभी राहा. मी इथून बघते.”

त्याप्रमाणे तिचा जबाब बुधवारीच झाल्याचे साहेबांनी आज मला सांगितले. मावशी कामावर परत आल्या आहेत. प्रकरण मिटल्यात जमा आहे आणि रविवारी गोलमध्ये माझे नाव लागले आहे. मग तुम्ही का आलात, असे साहेबांनी विचारले, त्यावर सांगते.

मला पश्चात्ताप झाला असे लिहू नये. तो होईल तेव्हा होईल. गुरुवारी इस्पितळाच्या जिन्यावर मला तिचा जेवढा राग आला तेवढा सहा वर्षांत आला नव्हता. खेळात ती माझ्याहून सरस आहे, हे मी मुकाट गिळले होते. माणूस म्हणूनही ती सरस निघावी, तेही प्लॅस्टर घातलेल्या हाताने, आणि मी तिच्या उपकारावर रविवारी मैदानात उतरावे, हे मला गिळता येत नाही. तिने दिलेला जबाब खोटा आहे, तो रद्द करावा. पट्ट्या मी काढल्या. मी मारलेला हा एकच फटका तिच्यामागे जाळ्यात गेला आहे आणि तोही ती आता अडवू पाहते आहे. तो तिने अडवू नये.

रविवारी कोण खेळेल ते सर ठरवतील. आईला मी अजून सांगितलेले नाही. इथून घरी जाऊ दिले तर मी सांगेन, नाहीतर ठाण्यातून कोणीतरी कळवावे.

वरील मजकूर लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. पट्ट्यांचा उल्लेख आहे तिथे त्यांनी माझ्या भल्यासाठी ‘नजरचुकीने घालायच्या राहिल्या’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावून ‘जाणूनबुजून काढल्या’ असे करून घेतले आणि खाडाखोडीशेजारी सही केली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.