घरटी एक लाकूड

मंडळी, नामीबाई हिलम गेल्या म्हणून आज आपण पंचायतीच्या या सभागृहात जमलो आहोत. वाडीवरची माणसं आली आहेत, गावातली आली आहेत, पनवेलहून कचेरीतले साहेबही आले आहेत. सरपंच म्हणून पहिल्यांदा मी बोलावं असं ठरलं. सकाळपासून शब्द जुळवतेय, जुळत नाहीत. खरं सांगू? मला दुःखापेक्षा लाज जास्त वाटतेय.

मागे फलकावर 'श्रीमती' लिहिलंय. बरं दिसतं. पण मंडळी, या गावात त्यांना श्रीमती कोण म्हणत होतं? केस पिकले तरी शाळेतली पोरं 'ए नामे' म्हणायची. पंचायतीच्या सदस्य झाल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, तरी 'ए नामे'च. एकदा त्या शिपायाला म्हणाल्या, "बाला, खुर्ची मानाची नी मी बिनमानाची, असा कसा रं?" सगळे हसले. मीही हसले.

साहेबांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. नामीबाई कातकरीवाडीच्या. डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून गावात दारोदार विकायच्या. वाडीची माणसं मेली की ओढ्याकाठी पुरायचे. ती जमीन विकली गेली, गोदामाचं कुंपण पडलं. आता मयत न्यायची कुठे? गावच्या स्मशानात गाव घेईना. नामीबाईंनी ग्रामसभेत विषय काढला. पुन्हा काढला. पुन्हा काढला. कुणी म्हणालं, तशी रीत नाही. कुणी म्हणालं, पुढच्या सभेत बघू. तेव्हा त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

"स्मशानाचं पतरं सरकारचं हाय ना? मंग सरकार आमचा पन हाय. घटनेत सगली मानसा सारखी लिवलीत. मेल्यावर आमी कमी व्हतो काय?"

ठराव झाला. स्मशान सगळ्यांना खुलं. मी सही केली, फोटो काढला, पेढे वाटले. मला वाटलं, काम झालं.

मंडळी, ठरावानंतर वाडीवरची पहिली मयत निघाली ती नामीबाईंचीच.

मंगळवारी स्मशानाचं फाटक उघडं होतं. कुणी अडवलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळं कायदेशीर. पण तिथे पुरायला जागा नाही, दहनच करावं लागतं; आणि दहनाची आपल्या गावची रीत काय आहे? मयत झाली की घरटी एक लाकूड. गरीब असो, बंगलेवाला असो, भांडण असो, अबोला असो, लाकूड जातंच. माझ्या सासूबाईंनी शेजारणीशी जन्मभर वैर धरलं, पण तिच्या मयतीला लाकूड पाठवलं. मग मंगळवारी किती घरांतून लाकूड गेलं?

एकाही घरातून नाही.

नको असं कुणीच म्हणालं नव्हतं. जो तो शेजारच्या ओटीकडे बघत होता. आमच्या पडवीत लाकूड काढून ठेवलं होतं. आमचे मालक म्हणाले, "आधी कोन देतंय बघू. पयला आपला नको." आणि मी, या गावची सरपंच, थांबले. वरच्या आळीतही असंच झालं, खालच्या आळीतही. आणि लाकडं तरी कुणी आणलेली? आपल्या पडव्यांतल्या किती मोळ्या त्यांच्याच डोक्यावरून आल्या होत्या!

वाडीवाले बराच वेळ थांबले. मग नामीबाईंची मुलं घरी गेली आणि झोपडीचे पुढचे खांब उपटून घेऊन आली. आईचं घर मोडून आईला अग्नी दिला. धूर गावात आला तेव्हा आपण खिडक्या लावून घेतल्या.

साहेब, हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो? बसत नसेल. एवढी वर्षं झगडून त्या बाईने फाटक उघडून घेतलं, तेवढं कायद्याने केलं. पुढचं आपण करायचं होतं. कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. एक लाकूड द्यायचं होतं.

पहिल्या रांगेत नामीबाईंचे यजमान बसले आहेत, काळूबाबा. मघाशी दारात त्यांनी मला थांबवलं. आवाजात राग नव्हता. उद्याच्या मजुरीचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बाय, माजी बारी आली का मंग काय मोडायचा? आता मागचंच खांब रायलंत."

त्यांनी विचारलं मला, पण उत्तर या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने द्यायचं आहे.

नामीबाई, तुम्हाला नमस्कार. माफी मागायला तोंड नाही.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. पण आज मान खाली घालायची नाही, डोळे मिटायचे नाहीत. काळूबाबांकडे बघा.