चाळीस वर्षांचे रोखे

समारंभाच्या अध्यक्ष मृणालिनीताई, व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर बसलेल्या रहिवासी बंधुभगिनींनो,

खजिनदारपदावरून मोकळं करताना आपण ही शाल दिलीत. उकाडा आहे, पण मानाची आहे. राहू दे खांद्यावर.

ताईंनी आत्ता माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. खरं काय घडलं, सांगू? घोडपदेवची आपली जुनी चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला, तेव्हा बिल्डरने देखभालीसाठी सोसायटीला मोठी रक्कम दिली. बहुतेकांना ती वाटून हवी होती. मला भीती वेगळीच. लिफ्टचा, पाण्याचा खर्च गिरणीवाल्यांना झेपणार कसा? माणसं जागा विकून जातील. महागाईबरोबर वाढणारे सरकारी रोखे मिळतात का, म्हणून बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "काका, तसले नवे आता निघत नाहीत." मग चाळीस वर्षांचे साधे सरकारी रोखे घ्यावेत, आणि महागाईसाठी व्याजातला थोडा भाग पुन्हा गुंतवत जावा, असं मी सभेत मांडलं.

गणपत उठला. गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर उभे राहिलेले आम्ही दोघं.

"चाळीस वर्सां? दौलत, मी काय कासव आसंय? झिलाक बदलापुराक जागा घेवची आसा. माझो वाटो माका आताच व्हयो."

मुलाच्या घरासाठी त्याला पैसे हवे होते, पण ठराव जेमतेम का होईना पास झाला. गणपत माझ्याशी बोलेनासा झाला.

पहिलं व्याज आलं, तसा मी धावतच त्याच्या घरी गेलो. "अरे, आता मेंटेनन्सची काळजी नको!" दारात सामान बांधून ठेवलेलं. तो खाली बघत म्हणाला, "जागा इकलंय रे."

त्याच्यामागून एकेक करत बाकीचेही गेले. व्याज वेळेवर येतं, लिफ्ट चालते. आपण नवी मंडळी सज्जन आहात, भेटलात की 'अंकल' म्हणता. पण मला 'दौल्या' म्हणणारं या इमारतीत कोणी उरलं नाही. बायको होती, तिलाही जाऊन तीन वर्षं झाली.

परवा गणपतला फोन केला, समारंभाला ये म्हटलं.

"येवन उतरू खंय?"

"माझ्याकडे."

"शेवंतीवैनी होती तेवा चाय तरी गावायची. तू काय देतलंस? व्याज?"

दोघंही हसलो. मग "बघूया," म्हणाला. आलेला दिसत नाही.

असो. आपण इतक्या आपुलकीने जमलात, मनापासून आभारी आहे. घरात बोलायची सवय मोडल्येय, तेव्हा शब्द इकडेतिकडे झाला असेल तर सांभाळून घ्या. आणि हो, सातव्या मजल्यावर माझं दार दुपारी उघडंच असतं. चहा मला करता येतो.